चिंचेतला खिळा

ओंडका वखारीत उतरला तेव्हा गुरम्मा पोत्यात भुसा भरत होती. साल नजरेला पडली आणि तिचा हात तिथंच थांबला. अक्कलकोट रोडवरची चिंच! रस्ता रुंद करायचा म्हणून सरकारी माणसांनी पाडलेली. बुंध्याला नाल, काळ्या बाहुल्या, नुसते खिळेच खिळे. कुणाची पीडा, कुणाची सवत, कुणाचा मेलेला दीर. ज्याला जे घरात नको, ते त्यानं आणून या झाडाला ठोकायचं आणि मागं न बघता निघून जायचं.

त्यातला एक खिळा गुरम्माच्या घरचा होता.

दुष्काळाच्या साली तिला पहिली पोरगी झाली आणि बारशाआधीच गेली. सासू मल्लव्वा म्हणाली, "असली पोरं परत परत पोटाला येत्यात आन् आईला रडवून जात्यात. बांधून टाकाय पायजे." आईच्या शब्दाबाहेर जायचं नाही म्हणून मायाप्पानं, गुरम्माच्या नवऱ्यानं, चिंचेला खिळा ठोकला. एरवी दोन ठोक्यांत खिळा बसवणारा मिस्त्री, पण त्या दिवशी हातोडा चुकत राहिला, अंगठा काळानिळा झाला. गुरम्मा बाजूला उभी होती. पोलकं दुधानं भिजलेलं. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

आता तिला मुलगा होता. मरणाला त्याचा हेवा वाटू नये म्हणून सासूनं नाव ठेवलं दगडू. वखारीच्या छपराला त्याची झोळी टांगलेली असायची आणि मल्लव्वा खाली बसून दोरी ओढायची.

मायाप्पा करवतीवरचा मिस्त्री. धावत्या पट्ट्याला खिळा लागला की पट्टा तुटतो आणि तुटलेला पट्टा नागासारखा उसळतो, हे त्याला सांगायला नको. म्हाताऱ्या धुळाप्पा हमालाच्या गालावरचा वळ त्याचीच खूण. म्हणून धुळाप्पानं आधी नारळ फोडला, कापूर लावला आणि दिसतील तेवढे खिळे उपटले. प्रत्येकाला म्हणत होता, "जा बाबा, तुज्या गावाला जा."

एक राहिला. त्याच्यावर साल चढली होती. तो कुठं आहे हे घरच्या तिघांनाच माहीत.

"अण्णा," मायाप्पा मालकाला म्हणाला, "हे टोक कापून बाजूला काढतो. आत आमच्या घरचा खिळा हाय."

"आन् वैरागच्या गाडीवाल्यानं लांब फळ्या सांगितल्यात, त्याला आखूड देऊ व्हय?" पंचाक्षरी अण्णा खेकसले. "खिळा हाय तर काढ की!"

"अय्यो, नगं!" मल्लव्वा झोळीची दोरी सोडून धावली. "खिळा निघाला की ती सुटंल. सुटली की कुटं जाईल? झोळीकडंच यील की!"

अण्णांच्या घरी नातवंडं होती. त्यांनी टोपी काढली, परत घातली. "बरं बाबा, काप टोक."

"खिळ्यासकट लांब माळावर न्हेऊन पुरू," मल्लव्वा म्हणाली.

"पुरायचं न्हाय," गुरम्मा म्हणाली. "काढायचा."

"तू गप गं. भुसा भर."

"आत्ती, एकदा पुरलं न्हवं तिला? किती डाव पुरायचं?"

"ती काय मूल न्हवतं, भूत हुतं ते."

"दूध पीत हुती की माजं. बोट धरलं की सोडत न्हवती. भूत बोट धरतंय व्हय?"

गुरम्मानं पदर खोचला. पटाशी, हातोडा आणि पकड उचलली आणि ती ओंडका ठेवलेल्या ट्रॉलीपाशी आली. धुळाप्पा आडवा आला. "बाईनं ट्रॉलीवर पाय ठिवू न्हाय, पोरी. करवतीला चालत न्हाय."

"मग तुमी काढा."

धुळाप्पा चपलेकडं बघायला लागला.

"मग बाजूला सरा, काका."

ती चढली. गाठीच्या खाली, तिच्या छातीएवढ्या उंचीवर ठोकलेला होता तो. आता झाड आडवं पडलेलं, तरी तिचा हात बरोबर तिथंच गेला. साल निघाली. खिळ्याभोवतीचं लाकूड काळंनिळं पडलं होतं, हुबेहूब त्या दिवशीच्या अंगठ्यासारखं. तिनं पकड लावली, ओढली. खिळा ढिम्म हलेना. परत ओढली. हात सोलले.

खाली मायाप्पा उभा होता. आईकडं बघत होता, मग बायकोकडं, मग परत आईकडं. शेवटी त्यानं लाकडाचा एक तुकडा उचलला आणि वर सरकवला.

"असा न्हाय निघायचा," तो हळूच म्हणाला. "पकडीखाली टेकू दे. मी धरतो, तू दाब."

तिनं सगळा जीव लावून दाबलं. खिळा करकरला आणि वाकडातिकडा होऊन तिच्या हातात आला.

सगळ्या माना झोळीकडं वळल्या. आणि दगडूनं जो टाहो फोडला!

"आली! आली गं यव्वा, आली!" मल्लव्वा मटकन खाली बसली.

गुरम्मा उतरली, चालत झोळीपाशी गेली, आत हात घातला.

"मुतलंय," ती म्हणाली.

धुळाप्पाला हसू फुटलं, त्यानं ते खोकल्यात लपवलं.

"हसा! हसा! आज ताप भरू दे, मग बघू!"

"भरला तर दवाखान्यात न्हेईन, आत्ती. झाडाकडं न्हाय." तिनं दगडूला छातीशी घेतलं. खिळा अजून तिच्या मुठीत होता. "अवं, चालू करा की करवत. कशाला थांबलाय?"

करवत सुरू झाली. चिंचेचं लाकूड कठीण, पट्टा रडत रडत आत शिरत होता. सालीजवळच्या एका फळीवर तो काळानिळा डाग उतरला. गुरम्मानं तेवढी फळी मागितली. अण्णा म्हणाले, "न्हे बाई. डागाची फळी वैरागवाला घेणार हाय व्हय?"

मायाप्पानं त्या फळीचा पाट केला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी डागाची बाजू वर ठेवली.

दगडूच्या उष्टावणाला गुरम्मानं तोच पाट मांडला. मल्लव्वा खिरीची वाटी घेऊन दारातच उभी राहिली. चिंचेचं लाकूड घरात, त्यातून हे! पाऊल आत टाकेना.

गुरम्मानं डागावरून ओला हात फिरवला, पुसला आणि बारशाआधीच मनात ठेवलेलं नाव आज मोठ्यानं घेतलं.

"पारव्वा, जरा सरक बाई. भावाला बसू दे."

तिनं दगडूला पाटावर बसवलं.

"कोण पारव्वा?" मल्लव्वानं दारातूनच विचारलं.

"तुमची थोरली नात," गुरम्मा म्हणाली. "खीर आणा आत्ती, पोरं थांबल्यात."