पुढच्या तपासणीची तारीख

लिफ्ट इन्स्पेक्टरने पोट साफ करायच्या औषधाचा सहावा ग्लास नाक दाबून घशाखाली ढकलला आणि रिकामा ग्लास पालथा करून बायकोला दाखवला. ती घड्याळ घेऊन समोर बसली होती. तिने सातवा भरला.

समुद्रात लिंबू पिळल्यासारखी चव आहे, अशी तक्रार त्याने केली. समुद्र संपत आलाय, असं ती म्हणाली.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या मोठ्या आतड्यातून तीन पॉलिप, म्हणजे मांसाचे छोटे कोंब, काढले होते. त्यातल्या एकाचा पुढेमागे कॅन्सर झाला असता, असं डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं. आता दुर्बिणीने पुन्हा आत बघायचं होतं. त्याने पळवाट शोधली: घरच्या घरी शौचाचा नमुना डबीत घालून लॅबला दिला तर? बाई म्हणाल्या, ज्याच्या आतड्यात आधी काही सापडलेलं नाही त्याला ते चालेल, तुम्हाला नाही. तरी दोन महिने त्याचं उद्या-परवा चाललं होतं. दुर्बिणीला तो घाबरत नव्हता. तिच्यातून काय दिसेल, याने त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तीस वर्षं तो शहरभरच्या लिफ्ट तपासत होता. मोटरचा आवाज बघा कसा छान येतोय, म्हणत सहीसाठी कागद पुढे करणाऱ्या मालकांना तो जे सुनवायचा, तेच एकदा जेवताना बायकोने त्याला ऐकवलं.

"झाकण उघडल्याशिवाय सही नाही."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, हे ती म्हणाली नाही. गरजच पडली नाही. त्याने मुकाट्याने तारीख घेतली.

दुपारी तो आत गेला आणि ती बाहेर बाकावर त्याचा चष्मा मुठीत धरून बसली. दार उघडलं की उभी राहायची, दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं की बसायची. चौथ्यांदा डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. आतडं स्वच्छ होतं, एकही पॉलिप नव्हता. आता थेट पाच वर्षांनी या, म्हणाल्या. तिचा जीव भांड्यात पडला. चष्म्याच्या काड्यांचे वळ तळहातावर उमटलेत, हे तिला तेव्हा दिसलं.

संध्याकाळी तो दोन माणसांचं जेवला. मग लिफ्टमध्ये लावतात तसलं एक कोरं कार्ड त्याने स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर चिकटवलं आणि वळणदार अक्षरात भरलं. तपासणी: झाली. दोष: नाही. पुढची तपासणी: पाच वर्षांनंतरची तारीख. सहीची जागा मात्र त्याने मोकळी ठेवली.

"स्वतःच्या लिफ्टवर स्वतः सही करता येत नाही," तो म्हणाला. "तुझी लागेल."

तिने हात पुसले, पेन घेतलं आणि परत खाली ठेवलं.

"आधी तो रिपोर्टचा लिफाफा आणा."

तिने रिपोर्ट उघडला. बोट ठेवून दोन्ही पानं वाचली, आतले गुलाबी फोटो दिव्याखाली धरून एकेक बघितले. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. अक्षरं दिसत नाहीत असं वाटून त्याने आपला चष्मा पुढे केला.

"चष्म्याने नाही जायचं हे," पदराने डोळे टिपत ती म्हणाली, आणि तिने पूर्ण नावाने सही केली.