तेराव्या पानावरची उडी

स्टेपलरची दुसरी पिन वाकडीच बसली, आणि दीपमालाने ती नखाने उचकटायला घेतली, पण मन पिनेत नव्हतंच... ते अडकलं होतं तेराव्या पानाच्या उजव्या कडेला, जिथे तिच्या चित्रातली पोर अर्धी हवेत होती. मुलांच्या चित्रपुस्तकाची ही चोवीस पानांची कच्ची डमी, पेन्सिलीत काढलेली. पहिल्या पानापासून धाब्यांची एकच सरळ रेघ — मातीची सपाट छपरं एकमेकांना चिकटलेली — आणि तिच्यावरून पोर धावत येते, वाळत घातलेल्या कुरडया ओलांडत, मिरच्या ओलांडत, आणि तेराव्या पानावर गल्ली येते. रेघ तुटते. पुढचं कळायला पान उलटावंच लागतं. सगळं पुस्तक तिने त्या एका उलटण्यासाठी रचलं होतं.

आणि सकाळी पुण्याहून संपादक मोनालीचा फोन. "ताई, दोन धाब्यांच्या मध्ये एक फळी टाकू या ना. सोबत मोठा भाऊ, हात धरलेला. पालक बिचकतात हो... शिवाय सगळं एकाच जोडपानावर मावेल, उरलेल्या पानांवर कोडी देता येतील."

"फळी नाही," दीपमाला म्हणाली होती. "मी स्वतः मारलीय अशी उडी."

"बघा, संध्याकाळपर्यंत कळवा. नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

बघ म्हणावं! इतकी वर्षं लग्नपत्रिकांवर गणपती काढले, धुळ्यातल्या शाळांच्या भिंतींवर 'मुलगी शिकवा' रंगवलं, आणि आता कुठे हे पहिलं पुस्तक तिचं स्वतःचं, तेही हातचं जाणार. भाऊ म्हणे. हात धरलेला म्हणे... रागारागाने तिने फळी काढून पाहिली, एकदाच, पुसट — आणि पोर लगेच शहाणी दिसायला लागली, मान खाली घालून चालणारी. खोडरबर इतक्या जोरात फिरवला की कागद फाटता फाटता राहिला.

"काय करी ऱ्हायनी माय?" भिकुबाई, तिची आई, कापडण्याहून चार दिवस राहायला आलेली, चहा ठेवून शेजारी बसली, आणि डमी उचलून त्या रेघेवरून बोट फिरवत पानं बघत गेली. तेराव्यावर थांबली. "आनी मंग? मारी का तिनी उडी?" तिने पान उलटलं, तर पुढचं कोरं. "आठे ते काहीच नही."

"काढायचंय अजून."

काढायला काय, दोन पावलं पलीकडच्या धाब्यावर टेकवायची... दीपमालाने पेन्सिल टेकली आणि हात थांबला. टाच आधी टेकते की चवडा? लहानपणी त्या दिवशी पलीकडच्या धाब्यावर तिची मैत्रीण सदफ उभी होती, ओढणी कमरेला बांधून, ये ना दीपा म्हणत, तिला तर ती उडी रोजचीच — आणि दीपमालाने मागे सरून धाव घेतली होती, कानात वारा — आणि मागून वेणीला हिसका. आबा, तिचे वडील. "आते तू मोठी व्हयनी. खाले उतर." म्हणजे... म्हणजे उडी तिने मारलीच नव्हती. इतकी वर्षं मारल्यासारखी आठवत होती, सकाळी मोनालीला छातीठोकपणे सांगितली, आणि खरा होता तो फक्त हिसका.

आईला आठवत असेल? आई तेव्हा खाली अंगणातच होती. काही बोलली नव्हती. आताही ती कोऱ्या पानाकडे बघत बसली होती आणि चहा निवत चालला होता.

"पडी जाई ती पोर," भिकुबाई हळूच म्हणाली.

"पडली तर पडू दे, आई. पण मागून कुणी ओढणार नाही तिला."

भिकुबाईने पदराने तोंड पुसलं, आणि डमी काही खाली ठेवली नाही.

मोनालीला सांगेन — फळी नाही, भाऊ नाही, दुसऱ्या कुणाला द्यायचं तर खुशाल द्या. आणि खोटं बोलले तेही सांगेन. पोर पलीकडे कशी पोचते ते मला माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणून तर हे पान मीच काढायचं... दीपमालाच्या छातीत धडधडत होतं, तेव्हा धाव घेताना धडधडलं होतं तसं, आणि या वेळी ते थांबावं असं तिला मुळीच वाटत नव्हतं.