सत्तावन्न रिकाम्या ओळी

मी तळपट्टी बोलते आहे. संगणकावर मजकूर लिहिण्याची जी खिडकी असते, तिच्या अगदी तळाशी माझी जागा. पुस्तकी नाव स्टेटस बार. कोणती फाइल उघडली आहे, कर्सर कितव्या ओळीवर आहे, केलेला बदल जतन झाला की नाही, एवढेच सांगणे माझे काम. मला स्वतःचे मत नाही. परंतु ज्याला मत नाही त्याला रागही नसतो, असे कोणी समजू नये. क्षमाशील कथनाची अपेक्षा असेल, तर वाचकाने येथेच थांबावे.

रत्नागिरीतल्या एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात १९९८ साली पहिला संगणक आला. तेव्हा मी नावापुरती होते: फाइलचे नाव आणि एक आकडा. मला घडवले ते समरीनने, पुढच्या वर्षी.

समरीन बंदराच्या मोहल्ल्यातली. वडील कुवेतला बोटींची इंजिने दुरुस्त करीत. एम.एस्सी. झाल्यावर तिने डॉ. पावसकरांच्या मार्गदर्शनाखाली संशोधनासाठी नोंदणी केली होती. काम असे: रोज सकाळी बंदरावर उभे राहायचे, होड्यांतून उतरणाऱ्या माशांच्या पाट्या जातवार मोजायच्या आणि दुपारी विभागात येऊन ते आकडे फाइलमध्ये भरायचे. एक दिवस, एक ओळ. पहिली ओळ १ सप्टेंबर १९९९ची. पावसाळ्याचे बंद महिने सोडून पुढच्या वर्षीच्या डिसेंबरअखेर तीनशे शहाण्णव ओळी झाल्या.

शून्य आणि रिकामे यांत ती काटेकोर फरक करीत असे. होड्या गेल्या आणि काही मिळाले नाही, तर शून्य. होड्या गेल्याच नाहीत, तर तारखेपुढे काहीच नाही. हा फरक मला फार आवडे. न घडलेल्या गोष्टीला आकडा देणे हा माझ्या लेखी गुन्हा आहे.

एकदा मात्र तिचीच चूक झाली. महिन्याचा छापील कागद तिने हमीदचाचांना दाखवला. हमीदचाचा म्हणजे मच्छीमारांच्या सोसायटीचे अध्यक्ष. तरुणपणी परदेशी बोटींवर वीस वर्षे काढलेले, नंतर गावात येऊन तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख झालेले. त्यांनी कागदावर बोट ठेवले.

“समरीन, हा जुम्याचा बांगडा कुठनं आणलास गो? आभाळातनं पडला?”

त्या बंदरातून शुक्रवारी होडी सुटत नाही. आज्याच्या आज्यापासूनचा शिरस्ता आहे. समरीनला तो पाळण्यात असल्यापासून ठाऊक. तरीही गुरुवारचे आकडे तिच्या हातून एक ओळ खाली उतरले होते. ती खाली मान घालून विभागात परतली आणि पुढच्या तीन दुपारी तिने माझ्यावर खर्च केल्या.

पहिल्या दुपारी तिने माझ्यात इतके कोंबले की मीच गोंधळले: किती टक्के फाइल संपली, कितवा स्तंभ, किती अक्षरे. दुसऱ्या दुपारी त्यातले निम्मे काढून टाकले. “जे बघून मी काही करणार नाही, ते दाखवू नकोस,” असे ती मला उद्देशून पुटपुटली. तिसऱ्या दुपारी मी पूर्ण झाले. डावीकडे फाइलचे नाव आणि न जतन झालेल्या बदलाची खूण. मध्यभागी ओळीचा क्रमांक. त्यापुढे तिचे खास कलम: कर्सर ज्या ओळीवर असेल, त्या ओळीतल्या तारखेचा वार. आणि संगणक ती आणि डॉ. पावसकर असे दोघे वापरीत असल्यामुळे, नंतर वाद नको म्हणून, अगदी उजव्या टोकाला शेवटच्या जतनाची नोंद: कोणी केले आणि केव्हा. तिने लिहिलेल्या अकरा ओळींच्या सूचनांच्या मांडणीवर मी उभी होते. संगणक कोणीही सुरू केला, तरी मी दिसेन अशी तिची व्यवस्था होती. काळ्या पडद्यावर माझा रंग पांढरा, अक्षरे काळी.

प्रयोगशाळेतले परिचर हरिश्चंद्रमामा लांज्याकडच्या एका खेड्यातले. ते चहा घेऊन आले तेव्हा मला पाहून थबकले.

“ही खाली पांढरी फीत कसली?”

“ही माझी राखणदार, मामा.”

“राखणदार? मग नारळ द्यायला हवा गो बाय. गावच्या राखणदाराला आम्ही चुकवत नाय.”

“हिला नारळ नको. तिच्या तोंडापुढे फायली रचू नका, म्हणजे झालं.”

ते हसले, आणि मॉनिटरपुढचा फायलींचा गठ्ठा त्यांनी खरोखरच उचलला.

त्यानंतर समरीनची एकही ओळ चुकली नाही. शुक्रवारच्या तारखेवर कर्सर आला की मी वार दाखवीत असे आणि ती पुढे जात असे. असे सत्तावन्न शुक्रवार रिकामे राहिले; ईदचे दिवस वेगळे. तिसरी ओळ, दहावी, सतरावी, चोविसावी.

डॉ. पावसकरांनी ती फाइल प्रथम उघडली ती जानेवारी २००१मध्ये, प्रकल्पाचा अहवाल लिहिण्यासाठी. बंदरावर ते एकदाही गेले नव्हते; वास सहन होत नाही, असे ते सांगत.

“एवढे दिवस गायब?” त्यांनी समरीनला विचारले.

“सर, ते शुक्रवार आहेत.”

“मासे काय वार बघून पोहतात?”

“मासे नाही सर, होड्या.”

“शुक्रवारी सुट्टी तुमच्या घरी असेल. बंदराला कसली सुट्टी? सरळ सांग ना, जायचा कंटाळा केलास.”

“तुम्ही एका शुक्रवारी माझ्याबरोबर चला, सर.”

हे त्यांना उद्धटपणाचे वाटले. वीस जानेवारीला त्यांनी तिच्याकडून खोलीची किल्ली मागून घेतली. तिची संशोधनाची नोंदणी रद्द करावी, अशी शिफारस त्यांनी समितीला पाठवली. ते पत्र माझ्याच खिडकीत लिहिले गेले. एकोणीस ओळींचे होते. सातव्या ओळीवर ‘हयगय’, बाराव्या ओळीवर ‘सत्तावन्न शुक्रवार गैरहजर’. मी क्रमांक दाखवीत राहिले. दुसरे काही करणे माझ्या हाती नव्हते. नोंदणी रद्द झाली असती तर समरीनची दीड वर्षाची पहाट वाया जाणार होती, आणि दुसऱ्या कोणत्याही मार्गदर्शकाने कामचुकार ठरलेल्या मुलीला घेतले नसते.

अहवालात एकही दिवस सुटलेला दिसू नये म्हणून फेब्रुवारीत त्यांनी त्या रिकाम्या ओळी भरायला घेतल्या. गुरुवार आणि शनिवार यांची सरासरी काढायची आणि मधल्या ओळीत टाकायची. प्रत्येक वेळी कर्सर थांबे आणि मी तळाशी शुक्रवार दाखवी. चौथ्या-पाचव्या ओळीनंतर ते वैतागले.

“हरिश्चंद्र, ही खालची पट्टी काढ. डोळ्यांत खुपते.”

मला कायमचे काढायचे, तर समरीनची मांडणी उघडावी लागली असती आणि ती कोठे आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हते. हरिश्चंद्रमामा शहरातल्या एका संगणक वर्गात जाऊन विचारून आले. मला तात्पुरती लपवण्याची एका ओळीची आज्ञा त्यांनी चिठ्ठीवर उतरवून आणली आणि मॉनिटरच्या कडेला चिकटवली. साहेबांनी ती आज्ञा स्वतः कधीच टंकली नाही. असली कामे परिचराची. रोज सकाळी संगणक सुरू झाला की मी उजळत असे आणि मामा चिठ्ठीकडे पाहून एकेक अक्षर शोधत मला विझवत असत.

दोन महिने हा क्रम चालला. रोज जिवंत करून रोज मारले जाणे म्हणजे काय, हे मला कोणी शिकवू नये. मात्र एक गोष्ट त्या दोघांनाही कळली नव्हती. मी दिसत नसले, तरी जतनाची नोंद होत होती; ती माझ्या दिसण्यावर अवलंबून नव्हती. चौदा फेब्रुवारीला शेवटची रिकामी ओळ भरून झाली. ती नोंद मी जपून ठेवली आणि वाट पाहत राहिले.

एप्रिलमध्ये समितीची बैठक होती. दापोलीहून एस.टी.ने आलेल्या एक बाई अध्यक्ष, आणखी दोन सदस्य, मच्छीमारांचे प्रतिनिधी म्हणून हमीदचाचा. अहवालानंतरचा विषय समरीनच्या नोंदणीचा, म्हणून तीही शेवटच्या रांगेत बसलेली. खालच्या सभागृहात भाड्याने आणलेला प्रोजेक्टर होता. मॉनिटर जड, तो वरच राहू दे, असे साहेबांनीच सांगितले. मामांनी संगणकाचा डबा तेवढा खाली आणला, तारा जोडल्या, साहेबांच्या नावाने तो सुरू केला, फाइल उघडली आणि ते हात मागे बांधून भिंतीशी उभे राहिले.

मी भिंतीवर उजळले. तोवर माझी लांबी वीतभर होती. त्या दिवशी मी सहा हात होते.

डॉ. पावसकरांचे माझ्याकडे लक्ष नव्हते. ते श्रोत्यांकडे तोंड करून सांगत होते, “संपूर्ण कालखंडात एकही दिवस सुटलेला नाही.”

“एकेक ओळ खाली उतरा ना, सर,” अध्यक्ष बाई म्हणाल्या.

पहिली ओळ. दुसरी. तिसरी.

“थांबवा, सायेब,” हमीदचाचा म्हणाले. बोटींवर वीस वर्षे काढलेल्या माणसाला वाराची तीन रोमन अक्षरे वाचता येतात. “खाली वार लिवलाय तो जुम्मा ना? जुम्याला एकशे चौदा पाट्या बांगडा? कोणाच्या होडीतनं उतरला?”

“ही शास्त्रीय नोंद आहे, हमीदभाई.”

“शास्त्राची होडी असंल. आमची नव्हं.”

बाईंनी चष्मा पुसला. “दहावी ओळ दाखवा,” त्या म्हणाल्या. मी शुक्रवार दाखवला. “सतरावी.” शुक्रवार. “चोविसावी.” शुक्रवार, आणि पुढे भरगच्च आकडे. त्यांना सातांचा पाढा येत होता, आणि मला त्याहून जास्त काही नको होते. समरीनने शिकवलेला एकच शब्द मी पुन्हा पुन्हा उच्चारीत होते, असे म्हटले तरी चालेल. पुढे रमजान ईदची तारीख आली. ईद मला कळत नाही. ती हमीदचाचांनी ओळखली.

“व्वा! घराघरात शिरखुर्मा, नि आमी बंदरावर पाट्या उतरवतोय!”

एक सदस्य हसले. डॉ. पावसकर हसले नाहीत. त्यांनी शेवटच्या रांगेकडे बोट केले. “गैरहजर राहून हे आकडे त्या मुलीनेच भरलेत. फाइल तिची आहे. मी विश्वास ठेवला, एवढाच माझा अपराध.”

याच वाक्याची मी दोन महिने वाट पाहत होते.

“उजव्या टोकाला काय आहे ते?” बाईंनी विचारले.

समरीन उभी राहिली. “शेवटी कोणी जतन केलं आणि केव्हा, ते, मॅडम.”

बाईंनी मोठ्याने वाचले: “पावसकर. चौदा फेब्रुवारी.”

“माझी किल्ली तुम्ही वीस जानेवारीला घेतलीत, सर,” समरीन म्हणाली आणि खाली बसली.

डॉ. पावसकर भिंतीकडे वळले. “हरिश्चंद्र, पट्टी का नाही काढलीस?”

“चिठ्ठी मॉनिटरला चिकटवलेली, साहेब. मॉनिटर वर राहिला.”

“मग काढ आता!”

“चिठ्ठीशिवाय मला कुठली यायला, साहेब? तुम्हीच टाका की.”

ते कळफलकाकडे पाहत राहिले. आज्ञा अवघी एका ओळीची होती. त्या पाऊण मिनिटाचा मोबदला म्हणून मी ते दोन महिने पुन्हा भोगायला तयार आहे.

मामा खरोखर विसरले होते का, हे मला सांगता येत नाही; माझ्याकडे त्याची नोंद नाही. साठ सकाळी टंकलेली एक ओळ माणूस विसरतो का, याचा निर्णय वाचकाने करावा. दुसऱ्या दिवशी मॉनिटर पुन्हा जोडला गेला तेव्हा त्याच्यापुढे एक नारळ होता, एवढे मात्र मी पाहिले. शेंडी माझ्याकडे होती.

समरीनची नोंदणी टिकली. रिकाम्या ओळी पुन्हा रिकाम्या झाल्या, आणि अध्यक्ष बाईंनीच तिच्या मार्गदर्शनाची जबाबदारी घेतली. डॉ. पावसकरांना दुरुस्त अहवाल द्यावा लागला. त्याच्या शेवटच्या पानावर त्यांनी एक वाक्य घातले: ‘संगणकातील दोषामुळे काही आकडे चुकीचे छापले गेले होते.’ यथावकाश ते शाल आणि श्रीफळ घेऊन निवृत्त झाले. ते वाक्य अजून तेथेच आहे. माझा राग शमला का, असे कोणी विचारले, तर त्याला ते शेवटचे पान दाखवावे.

२००६ साली तो संगणक अडगळीत गेला. त्याची डिस्क आता फिरत नाही. पण त्याआधीच समरीन माझ्या अकरा ओळी फ्लॉपीवर घेऊन गेली होती. ती आता दापोलीला शिकवते. तिच्या टेबलावर, नव्या पडद्याच्या तळाशी, मी तशीच आहे: फाइल, ओळ, वार, जतन.

डॉ. पावसकरांना आणि त्यांच्यासारख्या सर्वांना माझा एकच निरोप आहे. मला मारायचेच असेल, तर आज्ञा स्वतःच्या बोटांनी टंकायला शिका.

मामांनी निवृत्त होताना ती चिठ्ठी समरीनला दिली. पिवळी पडली आहे, चिकटपट्टीला अजून धूळ आहे. तिने ती मॉनिटरच्या कडेला, अगदी पूर्वीच्याच जागी लावली आहे. रोज सकाळी मी उजळते. समरीन चिठ्ठी वाचते, माझ्याकडे पाहते आणि ती आज्ञा न देता कामाला लागते.