रंगूबाईची वीस मिनिटं

पुष्पावतीबाई झरेकरांना राग सहसा येत नसे. भूगोल शिकवण्यात वीस वर्षं गेली, पण कुणाला छडी लावली नव्हती. त्र्याहत्तर सालच्या मॅट्रिकच्या परीक्षेत मात्र त्यांचं डोकं फिरलं.

संगमनेरच्या केंद्रावर त्या पर्यवेक्षक होत्या. त्यांच्या वर्गात रंगूबाई नावाची अठ्ठावीस वर्षांची बाई परीक्षेला होती. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसलेली. कडबा कापायच्या यंत्रात तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. उरलेल्या बोटांत पेन धरायला ती नव्यानं शिकली, पण तासभर लिहिलं की हात कोपरापर्यंत ताठून जायचा. नवऱ्यानं टाकलेली, पास झाली तर जूनमध्ये ग्रामसेविकेच्या ट्रेनिंगला जाणार होती. बोर्डाचं रीतसर पत्र होतं : दर तासाला पर्यवेक्षकासमोर दहा मिनिटं विश्रांती, आणि तेवढा वेळ शेवटी वाढवून.

मराठीचा पेपर अकराला सुरू झाला. बाराला रंगूबाईनं पेन खाली ठेवलं. पुष्पावतीबाईंनी तिची उत्तरपत्रिका मिटली, वेळ टिपली आणि बाकाशेजारी उभ्या राहिल्या. तेवढ्यात केंद्रसंचालक आप्पासाहेब भोर आत आले.

"ही रिकामी का बसलीय?"

"विश्रांती आहे, सर. बोर्डाचं पत्र आहे."

"पत्र माझ्या कपाटात आहे. घेऊ द्या विश्रांती, माझी ना नाही. पण दोनची घंटा सगळ्यांना एकच."

"मग ती सवलत कसली? तिचाच वेळ कापून तिलाच द्यायचा?"

"आज हिला वीस मिनिटं दिली, तर उद्या सगळा तालुका हाताला फडकं बांधून येईल."

रंगूबाईची मान खाली गेली. "ऱ्हाऊ द्या बाई. माज्यापायी तुमाला तरास नको. लिव्हते मी." तिनं घाईनं पेन उचललं, ते ताठलेल्या बोटांतून निसटून फरशीवर पडलं. वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. पेन उचलून बाकावर ठेवत पुष्पावतीबाई म्हणाल्या, "दहा मिनिटं झाल्याशिवाय हात लावायचा नाही."

एक दहाला रंगूबाईनं दुसरी विश्रांती घेतली. दोनची घंटा झाली. बाकीच्यांचे पेपर त्यांनी गोळा केले. भोर पुन्हा दारात आले. "हिचा पेपर?"

"दोन वीसला मिळेल."

भोर तरातरा आले आणि त्यांनी उत्तरपत्रिकेकडे हात नेला. पुष्पावतीबाईंनी आपला तळवा पेपरावर दाबून धरला.

"आधी माझा हात उचला, सर. मग पेपर."

"मी तुमचा रिपोर्ट करीन!"

"करा. शब्द सापडले नाहीत तर मी सांगते."

भोर घड्याळ बघत तिथंच उभे राहिले. रंगूबाई लिहीत राहिली. दोन वीसला तिनं पेपर स्वतःहून दिला.

त्याच संध्याकाळी निरोप आला : उद्यापासून तुम्ही येऊ नका. बीजगणिताच्या दिवशी पुष्पावतीबाई फाटकाबाहेर उन्हात उभ्या राहिल्या. दोनला रंगूबाई बाहेर आली.

"इस्रांती मागितली तर नवे मास्तर म्हनले, घे की, घंटा थांबनार न्हाई. तीन गनितं ऱ्हायली, बाई. तिन्ही येत हुती मला."

निकालात बीजगणिताला एकतीस. पासाला पस्तीस लागत. पुष्पावतीबाई पत्राची नक्कल आणि टिपलेल्या वेळा घेऊन पुण्याला बोर्डाच्या कचेरीत गेल्या. तिथल्या साहेबांनी सगळं नीट वाचलं. चूक केंद्राचीच आहे, म्हणाले.

"मग तिचे चार मार्क?"

"न लिहिलेल्याचे मार्क कसे द्यायचे, बाई?"

ऑक्टोबरात रंगूबाई दुसऱ्या केंद्रावर बसली. तिथं कुणी हुज्जत घातली नाही. वीस मिनिटं मिळाली. बीजगणितात बासष्ट पडले. पण ट्रेनिंग जूनमध्येच सुरू झालेलं. जागा दुसरीला गेली होती.

गूळ-खोबरं घेऊन ती पुष्पावतीबाईंकडे आली. त्यांचा चेहरा बघून म्हणाली, "झाले न्हवं पास? आता कशाला राग धरता?"

"वर्ष गेलं तुमचं, रंगूबाई."

"गेलं. मला काय राग न्हाई व्हय? लई हाय. पर त्या भोरसायबाला तोंडावर बोलाया मला कोन आत घेनार?"

पुष्पावतीबाईंनी भोरांविरुद्ध केलेल्या तक्रारीला उत्तर आलं नाही. पुढच्या फेब्रुवारीत केंद्रसंचालकांची यादी शाळेत लागली. भोरांचं नाव जागच्या जागी होतं. मधल्या सुट्टीत चहाही न घेता पुष्पावतीबाईंनी शाईची दौत पुढं ओढली आणि दुसरी तक्रार लिहायला घेतली.