कोणाचीच नसलेली गाडी

माझा धंदा अक्षरं रंगवण्याचा. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, पाण्याच्या टाक्या, आमच्या गावात जे काही वाचता येतं ते बहुतेक माझ्या हातचं. पण माझं घर चालवलं ते एका गाडीने. दवाखान्याची रुग्णवाहिका. मी ती चालवत नव्हतो, रंगवत होतो. आणि खोटं कशाला बोलू, ती चालायची कमी आणि रंगायचीच जास्त.

गाडी एका श्रीमंत देशाने दिलेली. आली तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना मी लिहिलं, 'आमच्या जनतेकडून तुमच्या जनतेस सप्रेम भेट', आणि खाली त्यांचा झेंडा, एक वीत. दोन वर्षांनी तिकडे सरकार बदललं. नव्या सरकारचं मत पडलं की भेटीने माणसं ऐतखाऊ होतात. म्हणून भेट खरवडून मी 'समान भागीदारी' लिहिलं. भागीदारीत आमचा वाटा काय, तर गाडी आमच्या शेडमध्ये उभी असायची. मग पुन्हा निवडणूक झाली. तिकडचे लोक विचारू लागले, आमचा पैसा त्यांना कशाला? झालं, भागीदारीही खरवडा. नवा मजकूर मागाहून कळवू, झेंडा मात्र दीड हात.

रंग त्यांच्याच कारखान्यातला वापरायचा, अशी अट होती. तो जहाजाने यायचा. थंड हवेसाठी बनवलेला. आमच्या उन्हात त्याला फोड यायचे, की मी पुन्हा रंगवायचो. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे जुना मजकूर खरवडल्यापासून नवा सुकेपर्यंत गाडी रस्त्यावर आणायची नाही. मदत दिली आणि देणाऱ्याचं नावच दिसलं नाही, तर ती काय कामाची! तोवर चावी प्रकल्प कचेरीतल्या साहेबांच्या ड्रॉवरमध्ये.

माझी थोरली बहीण त्याच दवाखान्यात मुख्य नर्स. तिच्या जिभेला हाड नाही.

"टायर गुळगुळीत झालेत, ऑक्सिजनचं नळकांडं रिकामं, आणि तू झेंडा रंगवत बसलायस! रोग्याला काय झेंडा हुंगायला देऊ?"

"ताई, टायरसाठी मदत नाहीये. रंगासाठी आहे."

"मग रोग्यालाच मार एक हात रंगाचा. निदान गोरागोमटा होऊन मरेल."

मी हसायचो. रोजावर काम होतं, जितके दिवस जास्त तितकं माझं बरं. भागीदारीच्या वेळी तर चार दिवसांचं काम मी अकरा दिवस पुरवलं. त्यातल्या नवव्या दिवशी गल्लीतला गवंडी धावत आला. बायको अडली होती. मीच त्याला म्हणालो, "रंग ओला आहे, हात लावू नकोस." तो तिला हातगाडीवरून घेऊन गेला. बाई वाचली, मूल नाही. त्यानंतर त्याने मला कधी शिवी दिली नाही, नुसता रस्ता बदलायचा. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तर या तिसऱ्या खेपेला गाडी नऊ आठवडे कोरी उभी होती. मजकुरावर तिकडच्या संसदेत वाद चाललेला. तेवढ्यात माझी लेक बाळंतपणासाठी आमच्याकडे आली, आणि एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या. ताईने तपासलं. तिचा आवाज पहिल्यांदाच हळू झाला.

"मूल आडवं आहे. इथे होणार नाही. दोन तासांत शहरात पोचायला हवी."

ड्रायव्हर दारातच उभा होता. त्याला सगळे 'विमान' म्हणत, कारण त्याच्या गाडीला सायकली मागे टाकत. तो म्हणाला, "मी हवा भरतो. तुम्ही चावी आणा."

मी धावलो. साहेब आपल्यातलेच, माणूस वाईट नव्हता. ऐकून त्यांचा चेहरा पडला.

"बसा ना."

"बसायला वेळ नाही, साहेब. चावी द्या."

"आज-उद्या मजकूर ठरेल हो. तसं मी लगेच..."

"माझी लेक आज-उद्यापर्यंत थांबणार नाही."

"पण नियम बघा ना." त्यांनी फाइल उघडून माझ्यापुढे सरकवली. "नाव नसलेलं वाहन देणगीदाराचं मानलं जाणार नाही. वाटेत काही झालं तर ते हात वर करतील."

मी वाचलं. जन्मभर दुसऱ्यांचे मजकूर रंगवले, पण अर्थ लावून पहिल्यांदाच वाचत होतो.

"म्हणजे आत्ता ती त्यांची नाही?"

"नियमाने... नाही."

"तुमची?"

"माझी कशी असेल?"

"मग जी गाडी तुमचीही नाही आणि त्यांचीही नाही, तिची चावी तुमच्या ड्रॉवरमध्ये काय करतेय?"

साहेबांनी ड्रॉवर ओढून उघडा ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला पडत्या फळाची आज्ञा.

त्या दिवशी विमानाने आपलं नाव खरं केलं. नात झाली, लेक वाचली. शहरातल्या दवाखान्याच्या जिन्यात बसून मी रडलो. आनंदाने नाही. ते अकरा दिवस आठवून रडलो.

चावी मी परत दिली नाही, साहेबांनी मागितली नाही. कोरी गाडी रोज धावू लागली. महिन्याभराने मजकूर आला, 'उभय राष्ट्रांच्या हिताची गुंतवणूक', सोबत रंगाचे सहा डबे आणि पाहणीला पाहुणे येणार असल्याचं पत्र.

ताई म्हणाली, "लिहिलंस की गाडी त्यांची झाली. पुढच्या निवडणुकीला पुन्हा शेडमध्ये."

मी डबे उचलले आणि रिकाम्या शेडची भिंत रंगवली. दोन दिवसांत. अक्षरं पुरुषभर उंच, झेंडा त्यांनी मागितला त्याच्या तिप्पट.

पाहुणे खूश. एक मॅडम, तीन साहेब, एक फोटोवाला. भिंतीपुढे उभं राहून फोटो झाले, हात मिळवून झाले. शेवटी मॅडमना आठवलं.

"आणि गाडी?"

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. सगळे बाजूला सरले आणि मधून आमची पांढरी गाडी आत आली.

"ही कोणाची?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ब्रश पुसत होतो.

"कोणाचीच नाही, मॅडम," ते म्हणाले. "बघा ना, नाव कुठे आहे?"

मॅडमनी गाडीभोवती एक चक्कर मारली. नाव नव्हतं. त्यांनी कागदावर लिहिलं, वाहन आढळले नाही, आणि हळहळून म्हणाल्या, "अर्ज करा. नवीन देता येईल."

ताईने मागचं दार उघडलं. आत गवंड्याची बायको होती, पुन्हा दिवस भरलेली, आणि तिचा हात धरून गवंडी. त्याने मला पाहिलं. या वेळी त्याला बदलायला दुसरा रस्ता नव्हता. मी ब्रश टाकला आणि स्ट्रेचरचं दुसरं टोक धरलं.