हे इथे कोणी ठेवलं?

सासऱ्यांनी चाळीस वर्षं बंदरावर क्रेन चालवली. पेटीवर पेटी इतकी नेमकी बसवायचे, की खालच्या कामगारांनी त्यांचं नावच मिलिमीटर पाडलं होतं. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, तेव्हा त्यांनी बैठकीच्या खोलीत साठ लिटरची काचेची टाकी आणली, तिच्यात खारं पाणी भरलं आणि खडक रचले. मासे दोनच. सगळा जीव प्रवाळांवर. त्यातही एक मऊ प्रवाळ फार लाडकं. दुकानदार त्याला झेनिया म्हणायचा. पांढुरक्या देठांवर नखाएवढ्या पंज्यांचे तुरे, आणि हे पंजे दिवसभर आपले उघडतायत, मिटतायत. सासरे त्यांना 'मंडळी' म्हणायचे.

सून चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचं काम करायची. एका सकाळी ती डबा भरत असताना बाहेरून हाक आली.

"सूनबाई, मंडळींतला एक तुरा उजवीकडच्या दगडावर कोणी ठेवला?"

"मी टाकीला हातही लावत नाही, बाबा."

मग सासऱ्यांनी आपल्या मुलाला विचारलं. तो दाढी करत होता. "मला काय करायचंय त्यात?" म्हणाला.

"मंडळी डावीकडे होती," सासरे म्हणाले. "मी ठेवलेली वस्तू कुठे आहे ते मला कळत नाही होय?"

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. महिन्याभरापूर्वी सासरे स्वयंपाकघरातला नळ सोडून फिरायला गेले होते आणि घरभर पाणी झालं होतं. त्यानंतर एकदा ते वरच्या मजल्यावरच्या दारात आपली किल्ली घालत उभे असलेले सापडले. दोन्ही वेळा सगळ्यांनी हसण्यावारी नेलं होतं.

सासऱ्यांनी मग टाकीचा नकाशा काढला. कुठला दगड कुठे, कुठल्या दगडावर किती तुरे, खाली तारीख. आठ दिवसांनी त्यांनी तो टाकीशी ताडून पाहिला, तर एक तुरा मागच्या काचेवर आणि दोन चक्क पाणी फिरवणाऱ्या पंपावर. ते कागदाकडे बघत, मग टाकीकडे, पुन्हा कागदाकडे.

"अक्षर माझंच आहे," ते म्हणाले. "मग चुकतंय काय?"

"बाबाच हलवतात आणि विसरतात," नवरा स्वयंपाकघरात हळूच म्हणाला. "डॉक्टरांना दाखवायला हवं."

सुनेला ते पटेना आणि खोडूनही काढता येईना. सुट्टीच्या दिवशी ती दोन तास टाकीसमोर बसली. पंजे उघडत होते, मिटत होते, बाकी काही जागचं हललं नाही. मग तिला नवऱ्याचाच संशय आला, थट्टा करत असेल म्हणून. पण साधं मिठाचं पाणी कालवायचाही त्याला कंटाळा. तो कशाला टाकीत हात घालेल? शेवटी तिला स्वतःचाच भरवसा वाटेना. काच बाहेरून पुसताना आपल्याकडून टेबलाला धक्का लागला असेल का? पण धक्क्याने तुरा पंपावर कसा चढेल?

दोन दिवसांनी जेवताना सासरे अचानक म्हणाले, "मीच ठेवलं असेल."

कोणी काही विचारलंही नव्हतं. ते मान खाली घालून जेवत राहिले. जेवण झाल्यावर सुनेने मोबाईलवर टाकीचे फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना ती टाकीवाल्या दुकानात गेली आणि मोबाईलवरचे फोटो दाखवले.

"ताई, हे कोणी ठेवत नाही," दुकानदार म्हणाला. "ते स्वतः चालतं."

"चालतं म्हणजे?"

"देठ शेजारच्या दगडाला टेकतो, तिथे चिकटतो, मग मधून तुटतो. एकाचे दोन. एखादा तुकडा सुटला तर वाहत जातो आणि अडकेल तिथे संसार थाटतो. बोट दिलं की हात धरणारी जात आहे. म्हणून तर मी काकांना सांगितलं होतं, हा दगड बाकीच्यांपासून लांब, मोकळ्या वाळूत ठेवा."

सुनेला हायसं वाटलं होतं, ते क्षणात गेलं. "तुम्ही सांगितलं होतं त्यांना?"

"सांगितलंच असणार. सगळ्यांनाच सांगतो." त्याने मोबाईल परत दिला. "आता त्यांनाच सांगितलं का, असं शपथेवर विचाराल तर... रोज इतके लोक येतात."

घरी जाईपर्यंत आनंद मानावा की धसका घ्यावा, हे काही तिला ठरवता आलं नाही. तिने चालणाऱ्या प्रवाळाचं सांगितलं तेव्हा सासऱ्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे."

"हो ना."

"पण विकताना त्याने हे सांगायला नको?"

ती गप्प राहू शकली असती. पण खालून मिळणाऱ्या इशाऱ्यांवर क्रेन चालवण्यात उभी हयात घालवलेल्या माणसाला खोटा इशारा द्यावा, हे तिच्या जिवावर आलं. "सांगितलं असं म्हणतो. पण त्यालाही खात्री नाही."

सासरे टाकीकडे वळले. "मला आठवत नाही. तुला काय वाटतं, मी विसरलो?"

"मला खरंच कळत नाही, बाबा."

रविवारी दोघांनी पंप बंद केला. टाकीचंच पाणी भरलेल्या बादलीत एकेक दगड काढून सासरे पात्याने तुरे खरवडत, सून सुटलेले तुकडे नळीने ओढून घेई. घाण वास घरभर पसरला. मंडळींच्या खाली एक कडक हिरवं प्रवाळ सापडलं, अर्धं पांढरं पडलेलं. उजेड न मिळाल्याने ते मरत आलं होतं, आणि इतके दिवस ते कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. सासऱ्यांनी ते उजेडात ठेवलं आणि मंडळींचा मूळ दगड मधोमध मोकळ्या वाळूत टेकवला. सुनेने पट्टी लावून पाहिलं. चारही बाजूंना अंतर सारखं होतं.

डॉक्टरांकडेही ते स्वतःहून गेले. डॉक्टरांनी तारीख विचारली, उलटे आकडे म्हणायला लावले, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. दोन आठवले.

"म्हणजे आजार आहे की नाही?" नवऱ्याने विचारलं.

"एवढ्यावरून सांगता येत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघू."

परतताना सासरे जिन्यात थांबले. "यापुढे मला कोणी महत्त्वाचं काही सांगितलं," ते मुलाला म्हणाले, "तर त्याला ते सूनबाईलाही सांगायला सांगत जा. नळाचं मी बघतो. दाराशी 'नळ बंद?' अशी पाटी लावतो." त्यांनी तशी पाटी खरंच लावली. नळ पुन्हा उघडा राहिला नाही. निदान अजून तरी.

तीन आठवड्यांनी त्यांनी पुन्हा हाक मारली. खरवडून लख्ख केलेल्या मागच्या काचेवर एक इवलासा तुरा उघडमीट करत होता.

"हा नवा आला, की आपल्याकडून राहिला?"

"दोन्ही असेल."

"दोन्ही कसं असेल?"

 सुनेने पातं आणायला हात पुसले.

"राहू दे दोन दिवस," सासरे म्हणाले. "कुठे जातो ते तरी बघू." आणि त्यांनी तिच्यासाठीही खुर्ची ओढली.