आम्माची सलाइन

"जगभर लोकांना पाणी पाजत फिरलीस, आणि सख्ख्या आईला एक बाटली लावत नाहीस?" शेजारच्या जोबेदा खालाने दारातूनच तोफ डागली.

डॉ. मेहेरुनने आम्माच्या सुजलेल्या पायावरून बोट उचललं. दाबल्या जागी खळगा तसाच राहिला होता. "खाला, तिचं हृदय थकलंय. छातीत आधीच पाणी साठलंय. वरून आणखी सोडलं तर गुदमरेल ती."

"आमच्या सासूबाईंना जब्बारने तीन बाटल्या लावल्या होत्या. आणि तो साधा औषधवाला! तू तर डॉक्टरीण."

मेहेरुनने आम्माच्या पाठीमागची उशी उंच केली. हाच वाद ती तीस वर्षं घालत आली होती. येमेन, हैती, काँगो, जिथे पटकीची साथ तिथे ती. ज्याला पिता येतंय त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजा, उगाच सुया टोचू नका, हे सांगता सांगता घसा बसायचा. पण बाटली टांगलेली दिसल्याशिवाय उपचार झाला असं कुठेच कुणाला वाटत नसे. पूर्वी तिला चीड यायची. आता चिडायलाही त्राण नव्हतं. अब्बा गेले तेव्हा ती हैतीत होती, मातीलाही पोचली नव्हती. भोला बेटावरच्या या गावाने तेव्हापासून तिला 'परक्यांची डॉक्टर' ठरवून टाकलं होतं.

खाला गेली तशी आम्माने डोळे उघडले. "लाव ना गं एक."

"आम्मा, आता तूसुद्धा?"

"टोचू नकोस." आम्मा दम खात बोलत होती. "नुसती टांग. नळी मनगटाला चिकटव नि वर चादर ओढ. मी काय, जाईनच. पण या बाया तुला बोलून बोलून खातील. तुला आता इथंच राहायचंय ना?"

आजवर हजारो आजाऱ्यांच्या उशाशी मेहेरुन बसली होती. पण मरता मरता उलट तिचीच काळजी त्यांच्यापैकी कुणी केली नव्हती. 

जब्बारच्या दुकानातून बाटली आली. मच्छरदाणीच्या काठीला ती लटकली आणि नळीचं टोक दुमडून आम्माच्या मनगटाला पट्टीने चिकटलं. रोज सकाळी मेहेरुन ती बदलून नवी टांगायची. बायका येत, आधी बाटलीकडे बघत, मग आम्माकडे, आणि समाधानाने पान लावायला बसत. म्हातारीही काही कमी नव्हती. "हात कसा गार पडलाय गं या पाण्याने," असं ती खालाला कण्हत म्हणाली, तेव्हा मेहेरुनला तोंड फिरवून हसू दाबावं लागलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी, मेहेरुनचा हात हातात असतानाच आम्मा गेली.

रडणं ऐकून पहिली धावली ती जोबेदा खाला. आंघोळ घालायची म्हणून तिने चादर बाजूला केली. दुमडलेली नळी दिसली, सुई कुठेच नव्हती. तिने वर पाहिलं. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.

मेहेरुनने मान खाली घातली. काय ऐकावं लागणार ते तिला ठाऊक होतं.

अंगणात बायकांचे आवाज आले. खालाने दाराची कडी लावली. बाटली काढली, मागच्या पडवीत नेली, नळी सरळ करून पपईच्या बुंध्याशी अर्धं पाणी सोडलं. मग परत आणून काठीला टांगली, चादर नीट केली आणि कडी काढली.

"आजचीही अर्धी गेली होती गं अंगात," पहिल्या आत आलेल्या बाईला ती पदराने डोळे पुसत म्हणाली. "पोरीने काही कमी केलं नाही."